आदमापूर? ह्ये काय, आलंच की!

अमावास्येला नवं काही काढू नये, प्रवासाला तर मुळीच निघू नये, असं बहुतेक मराठी घरांत आजी सांगून ठेवते. निपाणीतल्या आज्यांनी हा नियम सांगितला नसावा, किंवा सांगून त्या स्वतःच पुढे चालायला लागल्या असाव्यात. कारण अमावास्येच्या भल्या पहाटे, म्हणजे आभाळात चंद्र नसल्याची पुरेपूर खात्री असताना, इथली माणसं आदमापूरची वाट धरतात. गळ्यात पिवळा टॉवेल, कपाळाला भंडारा, हातात मोबाईलचा टॉर्च आणि पाठीला घरातल्या धाकट्या पोराची शाळेची सॅक. मोठ्या माणसाने चालायला जाताना वेगळी सॅक विकत घ्यायची असते, हे ट्रेकिंगवाल्या शहरांचं शहाणपण इकडे अजून पोचलेलं नाही. त्यामुळे पंचावन्न वर्षांच्या गृहस्थांच्या पाठीवर छोटा भीम मुठी आवळून उभा असतो, आणि मुरगूड येईपर्यंत अख्ख्या घोळक्यात ताजातवाना तोच काय तो उरतो.

आदमापूर हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यातलं गाव. तिथे बाळूमामांची समाधी आहे. मामा धनगर, १८९२ साली निपाणीजवळच्या अक्कोळात जन्मले, जन्मभर मेंढरांमागे चालले आणि १९६६ साली आदमापुरात देह ठेवला. जन्मगाव कर्नाटकात, समाधी महाराष्ट्रात. या दोन टोकांमध्ये भाविकांची ये-जा पहिल्यापासून होतीच. २०१८ साली त्यांच्यावरची मालिका टीव्हीवर सुरू झाली आणि गर्दीला नवी पालवी फुटली. पूर्वी वाटेत देव मानणारे भेटत. मग कालच्या भागात मामांनी त्या सावकाराला सोडायला नको होतं, असं मत असणारेही भेटू लागले.

निपाणी ते आदमापूर हे अंतर सुमारे २५ किलोमीटर. रस्ता देवगडकडे जाणारा, डांबरी, सरळसोट. अर्जुननगर, लिंगनूर, मुरगूड, निढोरी अशी वाट. डोंगर चढायचा नाही, खिंड लागत नाही, रस्ता चुकायची सोय नाही. एका दिवसाचं चालणं, तेही निवांत.

म्हणजे कागदावर निवांत. बाळूमामा ज्या वर्षी जन्मले त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या विल्यम नाइस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने चालण्याचा एक हिशेब मांडला, आणि जगभरचे डोंगरभटके तो अजून वापरतात. दर तीन मैलांना एक तास, शिवाय दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. या हिशेबाने पहाटे चारला निघालेला माणूस सव्वानऊला आदमापुरात पोचायला हवा. प्रत्यक्षात तो दुपारी दोनला पोचतो. नाइस्मिथसाहेबांचं चुकलं काहीच नाही. त्यांनी चढ धरला, पण चहा धरला नाही. लिंगनुराच्या अलीकडे कोणीतरी टेबल मांडून फुकट चहा वाटत असतं, तो नाकारणं म्हणजे देवाच्या दारी निघालेल्याने दुसऱ्याचं पुण्य बुडवणं. पुढे केळी. मग उप्पीट. मग 'आमच्या मंडळाचंबी घ्यावा लागतंय' या अटीवर पुन्हा उप्पीट. त्यात निपाणीचा माणूस रस्त्याने निघाला आणि त्याला मुरगूडपर्यंत एकही पाव्हणा भेटला नाही, असं आजवर झालेलं नाही. पाव्हणा भेटला की थांबायचं, थांबलं की बसायचं, बसलं की त्याच्या धाकट्या मुलीचं कुठे जुळतंय का इथपर्यंत यायचं. नाइस्मिथच्या सूत्रात सोयरिकीचा तास मिळवला, तर हिशेब बरोबर लागतो.

घोळक्यात एक तरी पोरगा कंपनीत नोकरीला असतो, कागलच्या एमआयडीसीत नाहीतर पुण्यात. त्याच्या मनगटावर पावलं मोजणारा पट्टा असतो. दिवसाला दहा हजार पावलं चालावीत, हा आकडा वैद्यकशास्त्राने घासूनपुसून काढला आहे असं तो सगळ्यांना सांगतो. खरं तर तो आकडा १९६५ साली एका जपानी कंपनीने आपलं पावलं मोजायचं यंत्र खपवायला काढला होता. पण पहाटे साडेपाचला हे सांगणार कोण? लिंगनूर मागे पडायच्या सुमारास त्याच्या मनगटाला थरथर सुटते, पट्ट्यावर फटाके फुटतात, आणि तो थांबून जाहीर करतो, "झालं! आजचं टार्गेट झालं!"

"मग काय, जातोस का परत?" शेजारची मावशी विचारते. ती अनवाणी आहे. तिचा नवस आहे. चप्पल पिशवीत आहे, कारण नवस जाण्याचा होता, येण्याचा नव्हता.

पायातल्या वस्तूंवरून या वाटेवर माणसाची जात ओळखता येत नाही, पण अनुभव ओळखता येतो. पहिल्यांदा येणारा नवेकोरे स्पोर्ट्स शूज घालून येतो आणि निढोरीच्या आधी ते हातात घेतो. दुसऱ्यांदा येणारा जुने शूज घालतो. पाच-सात अमावास्या केलेला माणूस रबरी स्लिपरवर निघतो आणि सगळ्यांच्या आधी पोचतो. याचं कारण तो चपळ आहे हे नसून त्याने रात्रीच जेवणाच्या रांगेचा विचार केलेला असतो, हे आहे.

अंतर विचारणं हा या वाटेवरचा सगळ्यांत करमणुकीचा भाग. मैलाचे दगड आहेत, मोबाईलवर नकाशा आहे, तरी माणसाला माणसालाच विचारायचं असतं. "मामा, आदमापूर किती राहिलं?" वैरणीचा भारा डोक्यावर घेतलेले मामा वळायच्या भानगडीत पडत नाहीत. "ह्ये काय, आलंच की!" इथून अर्धा तास चालल्यावर दुसरे मामा. "ह्ये काय, म्होरंच." आणखी अर्ध्या तासाने एक आज्जी. ती आधी घोळक्याला वरपासून खालपर्यंत बघते, शूज हातात घेतलेल्या पोराची कीव करते आणि म्हणते, "हाय की अजून लई." दिवसभरात खरं बोलणारी ही एकटीच. घोळका तिच्यावर रागावतो आणि पुढे जाऊन पुन्हा एखाद्या मामांना विचारतो.

स्पेनमध्ये सांतियागोला चालत जाणाऱ्यांची अशी अडचण होत नाही. तिथल्या वाटेवर १९८४ साली एलियास वालिन्या नावाच्या पाद्र्याने रस्ते रंगवायचा पिवळा रंग घेतला आणि वळणावळणांवर बाण काढत सुटला. ते बाण बघत आज लाखो लोक चालतात. शेवटचे १०० किलोमीटर पायी आल्याचे शिक्के वहीत दाखवले की प्रमाणपत्र मिळतं. आदमापूरच्या वाटेवरही पिवळा रंगच आहे, पण तो भंडाऱ्याचा. बाण नाही, नुसता रंग. सुरुवातीला कपाळांवर, मग टॉवेलांवर, मग गाड्यांच्या काचांवर, मग चहाच्या कपातसुद्धा. जसजसं पिवळं वाढेल तसतसं गाव जवळ येतंय असं समजायचं. प्रमाणपत्राचा प्रश्न व्हॉट्सअॅपच्या स्टेटसने सोडवला आहे. फोटो निघाल्याशिवाय पाय दुखायला सुरुवात झाली असं धरत नाहीत.

या वाटेची खरी गंमत मात्र पहिल्या दोन किलोमीटरांतच होऊन जाते, आणि झोपेत असल्याने बहुतेकांना ती कळत नाही. निपाणीतून निघालं की अर्जुननगर लागतं. तिथे देवचंद कॉलेज आहे. निपाणीची पोरं पिढ्यान् पिढ्या या कॉलेजात शिकत आली. ते निपाणीचंच कॉलेज आहे, फक्त निपाणीत नाही. तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर, राज्य महाराष्ट्र, विद्यापीठ शिवाजी. म्हणजे निपाणीचा पोरगा पहिल्या तासाला परराज्यात जातो आणि मधल्या सुट्टीत चहाला स्वराज्यात येतो. यातलं स्वराज्य कुठलं, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

ही हद्द १९५६ ची आहे असं समजून लोक भांडतात, पण जमिनीवरची रेघ त्याहून जुनी आहे. इंग्रजी अमलात एका बाजूला बेळगाव जिल्हा होता आणि दुसऱ्या बाजूला कोल्हापूर संस्थानातली कागलची जहागीर. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि जुन्या रेघेला नवं वजन आलं. बाळूमामा १९६६ च्या सप्टेंबरात गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्राने या हद्दीच्या वादासाठी महाजन आयोग नेमला. आयोगाने पुढच्या वर्षी अहवाल दिला: निपाणी महाराष्ट्राला द्यावी, बेळगाव म्हैसूरकडेच राहावं. महाराष्ट्राला बेळगावशिवाय निपाणी पटेना, म्हैसूरला अहवालातलं एक अक्षर हलवलेलं चालेना. २००४ साली महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला. तिथे तारखा पडत आहेत आणि इथे लोक पहाटे सव्वाचारला, चप्पल पिशवीत ठेवून, वादग्रस्त सीमा ओलांडून जात आहेत. ओलांडली हे कळतं ते मोबाईलमुळे. निपाणीत घेतलेलं सिम कर्नाटक सर्कलचं. अर्जुननगरात ते महाराष्ट्राच्या टॉवरला चिकटतं, वळणावर पुन्हा कर्नाटकच्या. पुण्याहून भाचा फोन लावतो, तेवढ्यात रेंज जाते आणि त्याला कानडीतून काहीतरी ठाम शब्दांत सांगितलं जातं. भाचा घाबरून घरी फोन करतो की आत्याचा फोन कोणीतरी बाई उचलतेय.

उजाडल्यावर दुकानांच्या पाट्या वाचणाऱ्याला आणखी मजा येते. कर्नाटकच्या २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे पाटीवर ६० टक्के कन्नड हवं. महाराष्ट्राने २०२२ मध्ये सगळ्या दुकानांना मराठी पाटी सक्तीची केली. त्यामुळे सीमेच्या अल्याड-पल्याड एकाच घराण्यातल्या दोन भावांची दुकानं असतील, तर एकाला आपलं आडनाव कानडीत मोठं लिहावं लागतं आणि दुसऱ्याला मराठीत. उधारी दोघेही मराठीतच मागतात. डिझेल कर्नाटकात स्वस्त मिळे, तेव्हा सीमेजवळचे पंप ट्रकवाल्यांना मराठीत बोलावत. तिथे मात्र टक्केवारी मोजायला कोणी आल्याचं दिसलं नाही.

उसाचंही तसंच. हंगामात या रस्त्यावर पायी चालणाऱ्याला डावीकडे ऊस, उजवीकडे ऊस आणि मागून दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, असा तिहेरी सहवास मिळतो. ट्रॅक्टरवर गाणं इतक्या मोठ्याने लागलेलं असतं की तो येतोय हे डोळ्यांआधी छातीला कळतं. ऊस दर पाहून सीमा ओलांडतो. २०२३ च्या सप्टेंबरात महाराष्ट्र सरकारने ऊस राज्याबाहेर न्यायला बंदी घातली, शेतकरी खवळले आणि काही दिवसांतच आदेश मागे घ्यावा लागला. सरकारने आठवडाभरात मागे घेतलेल्या पावलांची नोंद कंपनीतल्या पोराच्या पट्ट्यावर होत नाही, नाहीतर तोही आकडा बघण्यासारखा झाला असता.

पण चालण्याच्या बाबतीत या सगळ्यांचे गुरू वेगळेच आहेत. मुरगुडाच्या आसपास कधी रस्ता एकदम पांढरा-काळा होतो. मेंढरं. इकडे त्यांना बकरीच म्हणतात. धनगर दिवाळीच्या सुमारास कळप घेऊन निघतात, कोणी कोकणात उतरतात, कोणी पूर्वेकडे जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. शेकडो किलोमीटरची ही पायपीट दर वर्षी होते, आणि तिच्यासाठी कोणी टी-शर्ट छापत नाही. रात्री कळप एखाद्या शेतात बसवायचा, शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे. बाळूमामांच्या मागेही त्यांची बकरी चालत राहिली. त्यांच्या कळपांना बग्गा म्हणतात; आज असे कितीतरी बग्गे महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फिरत असतात, आणि आपल्या रानात बग्गा बसावा म्हणून शेतकरी हात जोडून उभे असतात. शेजाऱ्याची शेळी बांधावरून नुसती डोकावली तर कोर्टापर्यंत जाणारा माणूस, मामांची बकरी उभ्या पिकात शिरली तरी कौतुकाने बघतो. पीक दुप्पट येतं, ही श्रद्धा.

मामांच्या जिभेचीही ख्याती मोठी. भक्तांना ते अस्सल धनगरी शिव्या हासडत आणि शिवी मिळाली तो माणूस प्रसाद मिळाल्याच्या आनंदात घरी जाई, असं जुनी माणसं सांगतात. मालिकेत या शिव्या अर्थातच नव्हत्या. त्यांची उणीव मुरगुडाजवळ मेंढरांमागे अडकलेले ट्रक ड्रायव्हर भरून काढतात, पण त्याला प्रसाद समजायला धनगर तयार नसतो. तो घोंगडं सावरतो, काठी आडवी धरतो आणि सावकाश म्हणतो, "दमानं घ्या की पाव्हणं. बकरी हाईत, फटफटी न्हाई."

मेंढरं आणि माणसं यांच्या चालण्यात एक ठळक फरक आहे. मेंढरांबरोबर टेम्पो नसतो. माणसांच्या प्रत्येक घोळक्यामागे एक छोटा हत्ती सावलीसारखा सरकत असतो. निघताना त्यात पिशव्या, पाण्याचे कॅन आणि एक स्पीकर असतो. लिंगनुरापर्यंत पिशव्यांवर एक काका बसलेले दिसतात. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे ते माफ. मुरगुडाला काकांच्या शेजारी सोबतीला म्हणून दोघं असतात. निढोरीनंतर स्पीकर बाहेर आणि माणसं आत, अशी अवस्था येते. मग प्रश्न उरतो हिशेबाचा: जो मध्येच तीन किलोमीटर टेम्पोत बसला, तो चालत आला असं म्हणायचं का? यावर घोळक्यातल्या निवृत्त गुरुजींचा निकाल ठरलेला आहे. "संकल्प पायी येण्याचा होता ना? पाय बरोबर आणलेत ना? मग झालं." गुरुजी हे टेम्पोतून सांगतात.

आदमापूर जवळ आलं की पायी चालण्याचा खरा मोबदला मिळतो. जवळच मुधाळतिट्ट्याला या रस्त्याला कोल्हापूर-गारगोटी रस्ता येऊन मिळतो. एरवी तिट्टा, अमावास्येला गाड्यांचं गोदाम. कोल्हापूरहून तासाभरात आलेल्या मोठमोठ्या गाड्या इथे अशा अडकतात की इंजिन बंद करून मालक बाहेर येऊन भजी खातात. पहाटेपासून ज्या गाड्यांनी हॉर्न मारून घोळक्याला मातीत उतरवलं, त्याच गाड्यांच्या मधून लंगडत, शूज हातात घेऊन, ही मंडळी पुढे निघते. घाई नसते. एका काचेपाशी थांबून मावशी आत डोकावते, आतल्या बाईला भंडारा लावते आणि अगदी मनापासून विचारते, "चालत का न्हाई आला?" छोटा हत्तीही अर्थात याच गर्दीत अडकतो. संकल्प, गुडघे आणि गुरुजी, सगळेच आत. शेवटचे दोन किलोमीटर त्यांनाही उतरून चालावे लागतात आणि त्यामुळे पुढे घरी सांगताना कोणालाच फारसं खोटं बोलावं लागत नाही.

दर्शनाची रांग, महाप्रसाद, सावलीत आडवं होणं यात संध्याकाळ होते. चांगभलंचा गजर होत असतो, पण आता तो बसल्या जागेवरून.

परतीला कोणी चालत नाही. परतीला एसटी. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, पण राज्याच्या हद्दीपर्यंत. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस फुकट आहे, पण ती कर्नाटकच्या बसमध्ये आणि कर्नाटकच्या हद्दीत. आदमापूरहून महाराष्ट्राच्या एसटीने निपाणीला निघालेली निपाणीची बाई अर्जुननगरापर्यंत निम्मी असते आणि तिथून पुढे पूर्ण. कंडक्टर मशीनवर बटणं दाबत हे समजावून सांगतो. मावशी ऐकून घेते, पिशवीतनं आधार कार्ड काढते आणि त्याच्या हातावर ठेवते.

"ह्ये बघ. निपाणी. कर्नाटक. तिथं आमाला फुकट हाय."

"ती बस वेगळी, मावशी. ही महाराष्ट्राची."

"रस्ता तर कर्नाटकाचाच न्हवं का तिथनं?"

"रस्ता त्यांचा, गाडी आमची."

"मग गाडी तुमची म्हणून निम्मं घे, रस्ता त्यांचा म्हणून त्ये बी सोड. किती राहिलं?"

कंडक्टर दिवसभरात बहुधा पन्नासाव्यांदा हा मुद्दा ऐकत असतो. तो दोन आकडे सांगतो: अर्जुननगरापर्यंत इतके, निपाणी स्टँडपर्यंत इतके. मधला फरक फार नाही. मावशी फरक मनातल्या मनात करते, शेजारच्या दोघींकडे बघते, त्याही मान हलवतात. तिघींची अर्जुननगरची तिकिटं निघतात. २५ किलोमीटर चालून पाय सुजलेल्या तिघी कॉलेजसमोर उतरतात, पिशवीतल्या चपला आता पायात घालतात आणि शेवटचे दोन किलोमीटर पुन्हा चालायला लागतात. कंपनीतला पोरगा खिडकीतून डोकं काढून ओरडतो, "मावशी, पैसं मी भरतो की, बसा!"

"नगं," मावशी म्हणते, "आलंच की आता," आणि कंडक्टर डबल बेल देतो.